अटलांटिकचं टेबल

श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा, झाकणासकट.

आटपाडी तालुक्यात समुद्र नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथलं यंत्र सुरू झालं की आमच्या टेबलांवरच्या पेन्सिली थरथरायच्या.

विषुववृत्ताच्या उत्तरेला वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. दक्षिणेला घड्याळाबरोबर. बरोबर विषुववृत्तावर वादळ होतच नाही.

बॉलपेनने दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर वळ उठतात.

मक्याला ओल लागली की तो आतून गरम होतो.

अटलांटिकच्या मध्यावर सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे तीन वाजलेले असतात.

*

सोमवार, दुपारी चार

“एक तारखेपासून अटलांटिकच्या पत्रकावर सही बंडगरची,” कमांडर पेठे म्हणाले. चहाचा कप त्यांनी माझ्या नकाशावर टेकवला होता, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून. “तुम्ही हिंदी महासागर घ्या शेवडे. तुमच्या घरचा आहे.”

“हिंदी महासागरात सप्टेंबरमध्ये असतं काय?”

“शांतता असते. घ्या की जरा शांतता.”

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो.

“माझं काही चुकलंय का?”

“नाही हो. उलट गेले तीन आठवडे तुमचे आकडे फार सुधारलेत. तिच्या बरोबरीने येताय. पण तिचं आधीपासून बरोबर येतंय, तुमचं आता येतंय. एवढाच फरक.”

एवढाच.

ती पलीकडच्या खुर्चीत बसली होती. स्क्रीनकडे तोंड, वेणी खुर्चीच्या पाठीमागे लोंबत. तिला सगळं ऐकू गेलं असणार. तिने वळून पाहिलं नाही. तिने वळून पाहिलं असतं तरी मला राग आला असता.

*

काम काय होतं ते सांगतो.

औंधमध्ये दवाखान्याच्या वर तीन खोल्या. जगात कुठेही वादळ उठलं तर त्याच्यावर नजर ठेवायची, आणि त्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना सांगायचं, सरळ जा, थांबा, वळा. जहाजकंपन्या त्याचे पैसे द्यायच्या. मोठ्या सरकारी केंद्रांची पत्रकं सहा सहा तासांनी यायची. मधल्या वेळात जहाजाने काय करायचं हे आम्ही सांगायचं.

प्रत्येक महासागराला एक टेबल. कमांडर पेठे नौदलातून निवृत्त झालेले. कंपनी त्यांची, नियमही त्यांचे.

त्यातला एक नियम चिठ्ठ्यांचा.

जहाज वादळाच्या जवळ असेल तेव्हा दोन माणसांनी उपग्रहाचं चित्र वेगवेगळं वाचायचं. वादळाचं केंद्र कोणत्या अक्षांशावर, आणि जोर किती, एवढं पॅडवरच्या कागदावर लिहायचं, घडी घालून श्रीखंडाच्या डब्यात टाकायचं. आपसात बोलायचं नाही. डबा कमांडर उघडणार. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तर तोच आकडा जहाजाला. जुळल्या नाहीत तर दोन्हींतला जहाजाला जास्त धोक्याचा आकडा धरायचा आणि जहाजाला त्या हिशेबाने लांब न्यायचं.

“एकाला शंका आली तरी जहाज वाचतं,” कमांडर म्हणायचे. “दोघं एकाच वेळी, एकाच जागी चुकणं अवघड असतं.”

अटलांटिकच्या टेबलाची दोन माणसं म्हणजे मी आणि कांचन बंडगर.

*

कांचन बंडगर. वय पंचवीस. आटपाडीची. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रोज. पायात अंगठ्याची चप्पल, पावसाळ्यातही तीच. बोलणं हळू. चूक मान्य करायला अजिबात वेळ लागायचा नाही तिला, आणि चुकायची वेळ फार यायची नाही.

मी मूळचा गुहागरचा. चौदा वर्षं सरकारी हवामान खात्यात काढून इथे आलेलो. भरती-ओहोटी पाहत वाढलेला माणूस. आणि ही मुलगी, जिने समुद्र पाहिला नव्हता, चित्रात दोन मिनिटं बघून म्हणायची, “सर, मला वाटतं केंद्र इथे नाही, इथे आहे.” आणि दुसऱ्या दिवशी ते तिथे असायचं.

मी तिला एकदा विचारलं होतं, तुला कसं कळतं म्हणून. हसत विचारलं होतं.

“आमच्याकडे ढग आला की सगळी माणसं काम टाकून बाहेर येऊन बघतात,” ती म्हणाली. “पडणार की पुढं जाणार. लहानपणापासून बघायची सवय आहे, दुसरं काही नाही.”

दुसरं काही नाही. मी ते घरी जाऊन बायकोला नक्कल करून सांगितलं. बायको म्हणाली, “हुशार दिसते पोरगी.” त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

ती एखादं वादळ उत्तरेला वळेल म्हणाली की मी मनातल्या मनात ते दक्षिणेला ढकलायचो. दहा हजार किलोमीटरवरचं पाणी, आणि मी औंधमध्ये खुर्चीत बसून खांदा लावल्यासारखा ढकलायचो. कमांडर दिवसातून किती वेळा ‘बंडगर’ म्हणतात ते मी मोजायला लागलो. एका गुरुवारी एकोणीस. माझं नाव सहा वेळा, त्यातल्या दोनदा ‘शेवडे, पंखा लावा.’

आणि तीन आठवड्यांपूर्वी मला पॅडची गोष्ट कळली.

ती दाबून लिहायची. चिठ्ठी नेहमी तीच आधी लिहायची, फाडायची, डब्यात टाकायची आणि बाटली भरायला पाण्याच्या फिल्टरकडे जायची. पॅड माझ्याकडे यायचं. एका दिवशी खिडकीतून ऊन पडलं होतं, आणि कोऱ्या पानावर मला तिचा आकडा दिसला. वळ. स्पष्ट.

त्यानंतर माझे आकडे सुधारले.

मी दहावा भाग इकडे तिकडे करायचो; तेवढा फरक जुळण्यातच धरला जायचा. तिचं वीस असलं तर माझं वीस पूर्णांक एक. कधी एकोणीस पूर्णांक नऊ. चित्र मी आधी पाहायचो, अगदी पाहायचो. पण पाहून झाल्यावर पॅड तिरपं धरायचो.

*

सोमवार, संध्याकाळी साडेपाच

कमांडर चहाचा कप उचलून गेले होते, नकाशावर गोल डाग ठेवून. कांचनने मला बोलावलं.

“सर, हे बघा ना. ढगाच्या या कडेला एक ठिपका दिसतोय. डोळा तयार होत असेल का?”

अटलांटिकच्या मध्यावर चार दिवसांपासून एक वादळ पश्चिमेला सरकत होतं. त्याला नाव मिळालेलं होतं. मी ते लिहीत नाही.

डोळा म्हणजे वादळाच्या मधलं भोक. ते दिसायला लागलं की समजायचं, वादळ एकदम बळावतंय. चित्रात मला ठिपका दिसला नाही. त्या चित्रात खरंच नव्हता, हे आजही सांगतो.

कमांडर दारात होते. मी आवाज थोडा वाढवला.

“बंडगर, तू समुद्र पाहिलायस का गं?”

“नाही सर.”

“एकदाही?”

“टीव्हीवर.”

“तरीच. आमच्या गुहागरला पोरं वाळूत खेकड्यांची बिळं शोधतात. त्यांनासुद्धा एवढे ठिपके दिसत नाहीत जेवढे तुला दिसतात. ज्याने समुद्र पाहिलाय ना, तो ठिपक्यांना भुलत नाही.”

कमांडर हसले. वाईट हेतूने नाही, हसू आलं म्हणून हसले. “शेवडे, आज धारदार आहात.”

कांचनही थोडी हसली. मग तिने नकाशावरची पेन्सिलीची खूण खोडरबरने पुसली. खूण गेल्यावरही थोडा वेळ पुसत राहिली.

मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी बायकोसाठी गजरा घेतला.

*

मंगळवार, सकाळी पावणेदहा

सॅटेलाइट फोन वाजला. कॅप्टन हुसेन परकार. खेडजवळचे, आणि आमच्याशी मराठीतच बोलायचे. मका भरून मेक्सिकोच्या आखातातून निघालेलं जहाज, आफ्रिकेला चाललेलं. बावीस माणसं. त्यांच्याकडे मध्यरात्र उलटलेली.

“काय शेवडे, काय म्हणतं आभाळ?”

“समोरून येतंय तुमच्या.”

“ते मलाही दिसतंय हो नकाशात. ते पश्चिमेला येतंय, मी पूर्वेला चाललोय. विचारतोय ते असं, की मी आहे तसा गेलो तर ते माझ्या डोक्यावरून जाईल की माझ्या उत्तरेनं?”

“तासाभरात सांगतो. साडेदहाचं चित्र येऊ दे.”

“दक्षिणेला उतरायचं तर आता उतरायला पाहिजे. दीडशे मैल खाली गेलो तर एक दिवस जातो. कंपनी ओरडेल. ओरडू दे, पण मला कारण पाहिजे.” मग त्यांच्या बोसनशी, म्हणजे खलाशांच्या मुकादमाशी, बोलले आणि परत आले. “हा आमचा तोडणकर बोसन विचारतोय, झोपू का जागा राहू. देवगडचा आहे, त्याला वादळाआधी मासळीचं कालवण लागतं म्हणे. मी म्हटलं, मासळी संपली, वादळ आहे.”

मी हसलो.

“बंडगर मॅडम आहेत ना आज?” कॅप्टन म्हणाले.

“आहेत.”

“मग बरं. त्यांचं काय वाटतं तेही विचारून घ्या. म्हणजे तुमचं आहेच, पण.”

पण.

फोन ठेवल्यावर मी कांचनला म्हटलं, “परकारांचं जहाज. सरळ जाऊ देत की खाली उतरवायचं, साडेदहाच्या चित्रावर ठरवायचंय.”

“किती माणसं आहेत?”

“बावीस. आणि तुझी चौकशी करत होते.”

“माझी? कशाला?”

खाली दवाखान्यातलं यंत्र सुरू झालं.

*

मंगळवार, सकाळी साडेदहा

तिकडे रात्र. रात्री उपग्रहाला उजेडाचं चित्र मिळत नाही, उष्णतेचं मिळतं. थंड उंच ढग पांढरे, गरम समुद्र काळा. वादळ म्हणजे एक मोठी पांढरी चकती. तिच्या आत केंद्र कुठे, ते ओळखायचं. काहीच खूण नसेल तर चकतीच्या मध्यावर धरतात. पाठ्यपुस्तकात तसंच आहे.

चकतीचा मध्य सोळा पूर्णांक चार अंशांवर येत होता.

परकारांचं जहाज चौदा पूर्णांक सहावरून चाललेलं. म्हणजे केंद्र मध्यावर असेल, तर ते जहाजाच्या उत्तरेला एकशेदहा मैलांवरून गेलं असतं. जहाज हललं असतं, भांडी पडली असती, बस.

कांचन नेहमीपेक्षा जास्त वेळ चित्र बघत होती. मीही बघत होतो. दोघांच्या खुर्च्यांमध्ये एक हात अंतर, आणि नियमाप्रमाणे आम्ही बोलत नव्हतो. एकदा तिने पेन टेकवलं, उचललं. माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं. मग तिने लिहिलं, दाबून, नेहमीसारखं. चिठ्ठी डब्यात टाकली. बाटली घेऊन फिल्टरकडे गेली.

मी पॅड उचललं आणि खिडकीकडे तिरपं धरलं.

१६.४.

मी लिहिलं, १६.५.

कमांडरांनी डबा उघडला. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या, बोटाने सपाट केल्या.

“जुळलं,” ते म्हणाले. “सरळ जाऊ देत परकारांना.”

पत्रक मी टाइप केलं. आहे त्या मार्गाने जा, वादळ तुमच्या उत्तरेने जाईल. खाली माझी सही. एक तारखेला अजून आठ दिवस होते.

*

मंगळवार, दुपारी एक

जेवताना तिने डबा माझ्याकडे सरकवला. “चटणी घ्या सर. आईने नवीन पाठवलीय.”

“नको. तिखट सोसत नाही.”

ती थोडा वेळ भाकरी मोडत राहिली.

“सर, तुम्हाला खात्री आहे ना? मध्यावरच?”

“का? तुझी नाही?”

“तुमची असेल तर माझी आहे.”

मला ते टोमण्यासारखं वाटलं. चिठ्ठी तिची, आकडा तिचा, आणि वर मला विचारते. मी म्हणालो, “चौदा वर्षं खात्यातही हेच केलंय बंडगर. आकडा लिहून झाल्यावर मागे वळून बघायचं नसतं. लिहिलं ते लिहिलं.”

“हो सर.”

“एक तारखेपासून तुझी सही आहे. एवढी भीती वाटून कसं चालेल?”

तिने डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकरी तशीच होती.

*

मंगळवार, दुपारी तीन वाजून पाच मिनिटं

अटलांटिकवर सूर्य उगवला. उजेडाचं पहिलं चित्र स्क्रीनवर वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायला लागलं.

सोळा अंशांवर काही नव्हतं. नुसता सपाट पांढरा ढग.

त्याच्या खाली, चकतीच्या दक्षिणेच्या कडेला, सुईने भोक पाडावं तसा डोळा. उगवत्या उजेडात त्याच्या एका भिंतीची सावली दुसऱ्या भिंतीवर पडलेली. इतका सुरेख, इतका गोल, की क्षणभर मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

सरकत सरकत आलेला मार्ग मागे मोजला. साडेदहाला तो पंधरा पूर्णांक तीनवर असणार. जहाजाच्या रेषेपासून एकशेदहा नाही, चाळीस मैल. आणि जोर आम्ही धरला होता त्याच्या दीडपट.

“कमांडर,” कांचनने हाक मारली. आवाज चढला नव्हता. पण ती उभी होती.

फोन मी लावला. माझं टेबल होतं.

“परकार, दक्षिणेला वळा. आत्ता. पूर्ण वेगाने.”

“वळतो,” कॅप्टन म्हणाले. मागे कसला तरी सलग आवाज येत होता, पत्रा ओढत नेल्यासारखा. “पण शेवडे, मला लाटा उत्तरेच्या नाहीत, समोरून येतायत. पहाटेपासून. मी म्हणतच होतो. किती राहिलं अंतर?”

“नव्वद मैल.”

“नव्वद.” त्यांनी तो आकडा एकदाच उच्चारला. “आठच्या वर वेग निघत नाहीय मला. बघतो. ठेवतो फोन, इथे माणूस पाहिजे.”

कमांडर माझ्या खुर्चीमागे उभे होते. कांचन दर अर्ध्या तासाने येणारं चित्र घेऊन नकाशावर दोन खुणा करत होती, एक वादळाची, एक जहाजाची. दोन खुणांमधलं अंतर ती पट्टीने मोजायची आणि बाजूला लिहायची. ऐंशी. एकाहत्तर. चौसष्ट. पुढे ते कमी व्हायचं थांबलं, पण चौसष्ट मैलांवरही तिथे समुद्र समुद्रासारखा राहिलेला नव्हता.

एकदा तिने विचारलं, “मी बोलू का त्यांच्याशी?”

“काय बोलणार?” मी म्हणालो.

*

मंगळवार, संध्याकाळी सव्वासात

“जहाज ठीक आहे,” कॅप्टन परकार म्हणाले. “पुढच्या, नांगराच्या साखळीच्या खोलीचं झाकण सुटलं होतं. पाणी आत जात होतं. ते बांधायला तोडणकर गेला, मी पाठवला. दोरी होती अंगाला. झाकण बांधलं त्यानं. परत येताना लाट आली.”

फोनवर श्वास ऐकू येत होता.

“दोरी आली परत,” ते म्हणाले. “तुमच्याकडे लिहायचं असेल ना काही. लिहा. सुरेश दत्ताराम तोडणकर. बावन्न.”

मी लिहिलं. माझ्याही हाताला दाब जास्त लागला, पेन कागदातून आरपार गेलं.

*

शुक्रवार

जहाजकंपनीने चौकशीचं पत्र पाठवलं. कमांडरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर दोन चिठ्ठ्या, प्लास्टिकच्या पाकिटात.

“मी उत्तर लिहिलंय,” ते म्हणाले. “दोन अनुभवी माणसांनी एकमेकांशी न बोलता चित्र वाचलं आणि वाचन जुळलं. रात्रीच्या चित्रात खूण नव्हती. दोष कोणाचाच नाही. हे खरं आहे ना?”

“हो,” मी म्हणालो.

कांचन पाकिटातल्या चिठ्ठ्यांकडे बघत होती.

“बंडगर?”

“हो सर.”

कमांडरांनी पाकीट उचललं, उजेडासमोर धरलं आणि परत ठेवलं. “रात्रभर मी हेच बघत बसलो होतो. तुमच्यातल्या एकाने जरी वेगळं लिहिलं असतं ना, एकाने जरी, तर नियमाप्रमाणे मी जहाज सकाळीच खाली उतरवलं असतं. म्हणून तर दोन चिठ्ठ्या. पण दोघांनाही दिसलं नाही, त्याला तुम्ही काय करणार.” ते चष्मा पुसायला लागले. “जा. आज लवकर घरी जा दोघंही.”

जिन्यात, दवाखान्याच्या दाराशी, कांचन थांबली. आत कोणीतरी चूळ भरत होतं.

“सर, मी आत खोटं बोलले.”

“कशाबद्दल?”

“मला दिसला होता. तो ठिपका. साडेदहाच्या चित्रात. खालच्या कडेला, अगदी पुसट, करडा.” ती जिन्याच्या कठड्याकडे बघून बोलत होती. “पंधरा पूर्णांक तीन. मी तेच लिहिणार होते. पेन टेकवलं पण होतं. मग तुम्ही आदल्या दिवशी म्हणाला होतात ते आठवलं. आधीचाही ठिपका मला उगाचच दिसला होता ना. म्हटलं, आपल्याला दिसतातच. सरांनी समुद्र पाहिलाय. सर मध्यच लिहिणार. मग मीही मध्य लिहिला.”

मी एक पायरी खाली उतरलो.

“मला वाटलं होतं, दिसला असेल तर तुम्ही लिहालच. एकाने लिहिलं तरी पुरतं ना.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला नाही ना दिसला?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, बरं वाटल्यासारखं. माझ्यासाठी बरं वाटलं असावं तिला. “मग फक्त माझंच आहे,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

*

तिने तीस तारखेला राजीनामा दिला. कमांडरांनी खूप समजावलं. मला म्हणाले, तुम्ही बोला तिच्याशी, तुमचं ऐकते ती. मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “घाई करू नकोस.” ती म्हणाली, “घाई नाही सर.” सामान फार नव्हतं. बाटली, डबा, एक कंपास.

आता ती आटपाडीला मुलांना विज्ञान शिकवते, असं कोणीतरी सांगितलं. दिवाळीला दोन वर्षं पत्र आलं. मी दोन्ही वेळा उत्तर लिहायला बसलो.

अटलांटिकच्या पत्रकावर पुढे अकरा वर्षं माझी सही होती. माझे आकडे सरासरीपेक्षा थोडे खालीच राहिले. कमांडर म्हणायचे, त्या प्रसंगानंतर शेवडे खचले. लोक माझ्याशी मऊ बोलायचे.

तोडणकरांच्या घरी मी एकदा गेलो. देवगडला, आतल्या वाडीत. त्यांच्या पत्नीने चहा दिला. मी कोण ते मी सांगितलं, जहाजांना हवामान कळवणाऱ्या ऑफिसातला. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमी थयसून बघीत होतास?”

“हो,” मी म्हणालो. “बघत होतो.”

“मगे बरा. कोणतरी बघूक होता.”

पंधरा वर्षं झाली.

मंगळवारी सकाळी दहा वाजून अडतीस मिनिटांनी, पॅड उचलण्याआधी, मला तो ठिपका दिसला होता.